चौघांची एक वेळ

बुडापेस्टच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत २६ ऑगस्ट २०२३ रोजी चार भारतीयांनी मिळून १६०० मीटर अंतर २ मिनिटे ५९.०५ सेकंदांत कापले. या वेळेला चाराने भागले की प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ४४.७६ सेकंद येतात. त्या दिवशी ४०० मीटरचा भारतीय राष्ट्रीय विक्रम होता ४५.२१ सेकंद. मुहम्मद अनस याहियाने तो २०१९ च्या जुलैत चेक प्रजासत्ताकातल्या क्लाद्नो इथे केला होता, आणि तोच अनस बुडापेस्टला संघातला पहिला धावपटू होता. म्हणजे चौघांपैकी एकानेही एकट्याच्या शर्यतीत ४५ सेकंदांच्या आत ४०० मीटर पूर्ण केले नव्हते. चौघांची सरासरी मात्र ४५ च्या चांगलीच आत आली.

या हिशेबात चमत्कार नाही. एकट्याच्या शर्यतीत धावपटू ब्लॉकवर वाकलेला असतो. पिस्तूल वाजल्यावर तो हलतो आणि शून्यातून वेग गाठतो, आणि हा सगळा वेळ घड्याळात धरला जातो. रिलेत ही अडचण फक्त पहिल्या धावपटूला असते. उरलेले तिघे बॅटन हातात पडण्यापूर्वीच पळू लागलेले असतात. या धावत्या सुरुवातीचा फायदा प्रशिक्षक ढोबळपणे अर्धा सेकंद किंवा त्याहून थोडा जास्त धरतात. आता ४५.२१ ची चारपट करा, १८०.८४ सेकंद होतात. त्यातून तिघांच्या धावत्या सुरुवातीचे मिळून दीड-दोन सेकंद वजा करा. उत्तर १७९ च्या आसपास येते, आणि बुडापेस्टची वेळ होती १७९.०५ सेकंद.

कोडे सुटले, पण या आकडेमोडीतून एक गोष्ट उघड होते. ४५.२१ ही एका माणसाची, त्याच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम दिवशीची वेळ होती. बुडापेस्टचा हिशेब जुळायचा तर त्या दिवशी चौघांनाही त्या पातळीवर धावावे लागते. एक धावपटू सेकंदाने कमी पडला तर ती तूट भरून काढणे बाकीच्यांना फार जड जाते, कारण या पातळीवर एका सेकंदात साधारण नऊ मीटर जातात. पुरुषांची ४ × ४०० मीटर रिले हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि माझ्या मते ही शर्यत एखाद्या देशाच्या धावण्याची सर्वांत प्रामाणिक परीक्षा आहे. एखादा असामान्य धावपटू कोणत्याही देशाला, कोणत्याही परिस्थितीत मिळू शकतो. एकाच वर्षी, एकाच तोडीचे चौघे मात्र नशिबाने मिळत नाहीत. त्यांच्यामागे पाचवा आणि सहावा उभा असावा लागतो, आणि तो आपली जागा घेईल अशी धास्ती पहिल्या चौघांना रोज सरावात वाटावी लागते.

आपल्याकडे धावण्याची आठवण एकेकट्या नावांची आहे. मिल्खासिंग म्हणजे १९६० चे रोम आणि चौथा क्रमांक. पी. टी. उषा म्हणजे १९८४ चे लॉस एंजेलिस आणि एका शतांश सेकंदाने हुकलेले कांस्यपदक. ही नावे आदराने घ्यावीत अशीच आहेत. पण उषा त्याच लॉस एंजेलिसमध्ये ४ × ४०० च्या अंतिम फेरीतही धावली होती, तिच्यासोबत एम. डी. वल्सम्मा, वंदना राव आणि शायनी अब्राहम होत्या आणि भारत सातवा आला होता, हे किती जणांना आठवते? नायक शोधणाऱ्या डोळ्यांना संघ चटकन दिसत नाही.

म्हणून आधी ही शर्यत पाहायची कशी, ते सांगतो. ४ × १०० आणि ४ × ४०० या दोन्ही शर्यती रिलेच, पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. छोट्या रिलेत बॅटन घेणारा मागे पाहत नाही. खुणेवर नजर ठेवून तो सुटतो, हात मागे करतो आणि हाक ऐकून विश्वासाने पकड घट्ट करतो. खो-खोत पाठीमागून ‘खो’ मिळताच उठणाऱ्या खेळाडूला जी तालीम लागते, तीच इथे लागते. मोठ्या रिलेत असे चालत नाही. येणारा धावपटू ४०० मीटर जीव तोडून पळून आलेला असतो, त्याच्या मांड्या दगड झालेल्या असतात आणि शेवटच्या वीस मीटरांत तो किती मंदावेल, याचा भरवसा त्याला स्वतःलाही नसतो. म्हणून घेणारा मैदानाच्या आतल्या बाजूला तोंड करून उभा राहतो, येणाऱ्याकडे बघत बघत वेग धरतो आणि बहुधा डाव्या हाताने बॅटन घेऊन लगेच उजव्यात करतो. दमलेल्या माणसाला ओळखणे ही घेणाऱ्याची जबाबदारी असते. लवकर सुटला तर मागचा पोहोचत नाही, उशिरा सुटला तर दोघे एकमेकांवर आदळतात.

बॅटन म्हणजे २८ ते ३० सेंटिमीटर लांबीची गुळगुळीत पोकळ नळी, वजन किमान ५० ग्रॅम. ही अदलाबदल वीस मीटरच्या पट्ट्यातच व्हावी लागते, आणि ती झाली की नाही हे धावपटूंच्या पायांवरून नाही, बॅटन कुठे होती यावरून ठरते. ती पडली तर ज्याच्या हातून पडली त्यानेच उचलायची. एरवी चार माणसांची शर्यत मोजायची तर घड्याळ कोणाच्या मागे धावणार? नियमांनी हा प्रश्न सोडवला आहे. घड्याळ बॅटनच्या मागे धावते.

टीव्हीवर ही शर्यत पाहताना पहिली फेरी हमखास फसवते. पहिला धावपटू पूर्ण ४०० मीटर आपल्याच लेनमध्ये राहतो आणि दुसऱ्यालाही पहिले वळण संपेपर्यंत लेन सोडता येत नाही. बाहेरच्या लेनचा घेर मोठा असतो. तीन वळणांचा हा फरक भरून निघावा म्हणून बाहेरच्या लेनमधले धावपटू सुरुवातीलाच बरेच पुढे उभे केलेले असतात. त्यामुळे आठव्या लेनमधला आघाडीवर दिसतो, आणि खरा आघाडीवर असलेला तिसऱ्या लेनमध्ये मागे पडल्यासारखा वाटतो. दुसऱ्या धावपटूने पहिले वळण संपवून ती रेषा ओलांडली की सगळे आत येतात. तेव्हा खरा क्रम पहिल्यांदा उघडा पडतो. शर्यत बहुतेक वेळा इथेच आकार घेते. इथे जो पुढे असतो त्याला आतली कड मिळते. मागे राहिलेल्याला मागून ओलांडायचे असेल तर वळणावर बाहेरून पळावे लागते, आणि प्रत्येक वळणाला काही मीटर जादा मोजावे लागतात. म्हणून दुसरा टप्पा हा दांडगाईचा टप्पा. तिथे नुसता वेगवान माणूस पुरत नाही. कोपराला कोपर लागले तरी लय न बिघडणारा माणूस लागतो.

तिसऱ्या आणि चौथ्या धावपटूची गंमत आणखी वेगळी. आपला साथीदार फेरीचे २०० मीटर ओलांडतो तेव्हा तो ज्या क्रमाने असेल, त्या क्रमाने पंच पुढच्यांना आतून बाहेर उभे करतात. पुढच्या वळणावर क्रम बदलला तरी उभे राहण्याची जागा बदलता येत नाही. मग आठ माणसे एका अरुंद पट्ट्यात मागे पाहत, एकमेकांना ढकलत, आपल्या रंगाचा बनियन शोधत असतात. प्रेक्षकाला जो गोंधळ दिसतो, त्यात धावपटूने सेकंदाच्या आत ठरवायच्या चार-पाच गोष्टी दडलेल्या असतात.

आणि शेवटचे शंभर मीटर. कुणी तरी अचानक जोर लावून पुढे निघाला, असे समालोचक सांगतो. प्रत्यक्षात त्या पट्ट्यात कोणीही वेग वाढवत नसतो, सगळेच मंदावत असतात. ज्याचा वेग कमी उतरतो, तो पुढे जाताना दिसतो. पहिल्या २०० मीटरमध्ये केलेल्या उधळपट्टीची वसुली इथे होते. रिलेत हा मोह दुप्पट असतो, कारण समोर पळणारा दिसत असतो आणि त्याला लगेच गाठावेसे वाटते. अनुभवी धावपटू ही दरी हळूहळू, मागच्या सरळ भागात मिटवतात. नवखे ती पहिल्या वळणावर मिटवतात आणि शेवटच्या वळणावर त्याची किंमत देतात.

पुरुषांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये १९१२ पासून, स्टॉकहोमपासून आहे. त्याआधी १९०८ मध्ये लंडनला मिश्र अंतरांची एक रिले झाली होती. दोघे २०० मीटर, एक ४०० आणि एक ८०० असे धावले होते. तेव्हापासूनच्या इतिहासात अमेरिकेचे वर्चस्व इतके आहे, की त्यांच्या विजयांची यादी कंटाळवाणी होते. वाचनीय आहेत ते अमेरिकेचे पराभव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत जमैकाच्या आर्थर विंटचा स्नायू ऐन शर्यतीत आखडला आणि तो ट्रॅकवरच थांबला. चार वर्षांनी हेलसिंकीला तोच विंट पहिला धावला. त्याच्यानंतर लेस्ली लेंग, हर्ब मॅकेन्ली आणि जॉर्ज रोडन. तिसऱ्या टप्प्यावर मॅकेन्लीला बॅटन मिळाली तेव्हा अमेरिका बरीच पुढे होती. त्याने ४४.६ सेकंदांत ती फेरी पळून अंतर भरून काढले आणि रोडनने शेवटपर्यंत आघाडी सोडली नाही. जमैका ३ मिनिटे ३.९ सेकंद, अमेरिका ३ मिनिटे ४.० सेकंद. मॅकेन्लीला १९४८ मध्ये ४०० मीटरचे आणि १९५२ मध्ये १०० आणि ४०० मीटरचे रौप्य मिळाले होते. त्याच्या आयुष्यातले एकमेव ऑलिंपिक सुवर्ण या रिलेतले आहे.

क्रम कसा लावायचा हा प्रशिक्षकांचा जुना वाद. रूढ समजूत अशी की सर्वांत वेगवान माणूस शेवटी ठेवावा. १९९१ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत ब्रिटनने ही समजूत उलटी केली. त्यांनी त्यांचा सर्वोत्तम ४०० मीटर धावपटू रॉजर ब्लॅक पहिलाच उतरवला आणि शेवटी ठेवला ४०० मीटर हर्डल्सचा क्रिस अकाबुसी. हिशेब साधा होता. सुरुवातीला पुढे राहायचे, आतली कड घ्यायची आणि अमेरिकेला दूर जाऊ द्यायचे नाही. शेवटच्या फेरीत अकाबुसीसमोर होता त्या वर्षीचा ४०० मीटरचा विश्वविजेता अँटोनियो पेटिग्रू. कागदावर तुलनाच नव्हती. अकाबुसीने त्याला अखेरच्या सरळ भागात गाठले आणि ब्रिटन २ मिनिटे ५७.५३ सेकंदांत, चार शतांश सेकंदांनी जिंकले. दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये श्टुटगार्टला अमेरिकेने या शर्यतीचा विश्वविक्रम २ मिनिटे ५४.२९ वर नेला. अँड्र्यू व्हॅल्मन, क्विन्सी वॉट्स, बुच रेनॉल्ड्स आणि मायकल जॉन्सन हे चौघे. शेवटची फेरी जॉन्सन ४२.९४ सेकंदांत पळाला. एकट्याच्या ४०० मीटरचा वेड व्हॅन निकर्कचा विश्वविक्रम आजही ४३.०३ आहे. धावत्या सुरुवातीचे मोल यावरून कळावे.

पेटिग्रूचे नाव पुन्हा घ्यावे लागते, आणि या वेळी वेगळ्या कारणाने. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघाने ही रिले जिंकली. त्या संघात पेटिग्रू होता. पुढे त्याने उत्तेजके घेतल्याची कबुली दिली आणि २००८ मध्ये अमेरिकेचे सुवर्ण काढून घेण्यात आले. सिडनीत नायजेरिया दुसरे आले होते. त्यांना सुवर्ण देण्याचा निर्णय २०१२ मध्ये झाला, पण त्यांच्या संघातला संडे बाडा त्याआधी, २०११ च्या डिसेंबरात गेला होता. रिलेत यश वाटून घेता येते हे सगळेच सांगतात. गुन्हाही वाटला जातो, आणि ज्यांनी काही केले नाही त्यांच्याही गळ्यातले पदक जाते. आपल्यालाही याचा अनुभव आहे, फक्त उलट बाजूने. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत स्त्री-पुरुषांच्या मिश्र रिलेत भारत दुसरा आला होता. बहारीनची धावपटू उत्तेजक चाचणीत दोषी ठरली आणि अनस, पूवम्मा, हिमा दास आणि आरोकिया राजीव यांचे रौप्य सुवर्णात बदलले. सुवर्ण आले, पण ते ज्या पोडियमवर मिळायला हवे होते ते निघून गेले होते.

आता भारताचा पुरुष संघ. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मिल्खासिंग, माखनसिंग, दलजितसिंग आणि जगदीशसिंग यांनी सुवर्ण जिंकले. त्यानंतर या शर्यतीत पुरुषांना आशियाई स्पर्धेचे सुवर्ण मिळायला सहा दशके लागली. या काळात रिलेची परंपरा जिवंत ठेवली ती महिलांनी. २००२ च्या बुसानपासून २०१८ च्या जकार्तापर्यंत सलग पाच आशियाई स्पर्धांत भारतीय महिलांनी ४ × ४०० चे सुवर्ण जिंकले. हे पुस्तक पुरुषांच्या शर्यतीपुरते मर्यादित आहे आणि ही त्याची खरी उणीव आहे. महिलांच्या रिलेवर स्वतंत्र पुस्तक व्हावे, आणि ते याहून जाडजूड होईल.

पुरुषांची चढण २०१८ च्या सुमारास सुरू झाली. त्या वर्षी जकार्तात कतारमागे रौप्य मिळाले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अनस, नोहा निर्मल टॉम, आरोकिया राजीव आणि अमोज जेकब यांनी ३ मिनिटे ०.२५ सेकंद ही आशियाई विक्रमाची वेळ दिली. विक्रम झाला, तरी अंतिम फेरी थोडक्यात हुकली, कारण प्राथमिक फेरीतून आठच संघ पुढे जातात आणि भारत नववा होता. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, अमेरिकेतल्या ओरेगन इथे झालेल्या जागतिक स्पर्धेत संघ तीन मिनिटे सात सेकंदांच्या पुढे गेला आणि आपल्या गटात शेवटचा आला. त्याच स्पर्धेत जपानने २ मिनिटे ५९.५१ सेकंदांत चौथा क्रमांक घेऊन भारताचा आशियाई विक्रम मोडला. ओरेगनची ही दोन टोके मला महत्त्वाची वाटतात. एका दुखापतीने किंवा एका थकलेल्या माणसाने रिले संघ वर्षभरात सात सेकंद मागे जाऊ शकतो. वरच्या चौघांखाली जोवर फळी नसते, तोवर विक्रम हा एका दिवसाचा पाहुणा असतो.

ही फळी तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय शिबिरात तयार होत होती. तिथे जमैकाचे प्रशिक्षक जेसन डॉसन काम पाहत होते. शिबिरातल्या माणसांची पार्श्वभूमीही सांगण्यासारखी आहे. अनस केरळचा, नौदलातला. अमोज जेकब मल्याळी, पण वाढला दिल्लीत. मुहम्मद अजमल वारियाथोडी पालक्काडचा, फुटबॉलकडून धावण्याकडे वळलेला. राजेश रमेश तमिळनाडूचा, रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करणारा. चौघांपैकी कोणीही वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचे नाव नव्हते.

२०२३ च्या जुलैत बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत श्रीलंकेने त्यांना मागे टाकले. तेव्हा सहा आठवड्यांनी काय होणार आहे, याची कल्पना कोणालाच नव्हती. बुडापेस्टच्या प्राथमिक फेरीत भारत अमेरिकेच्या गटात होता. अनसने सुरुवात केली, दुसऱ्या टप्प्यावर अमोजने लेन सुटताच संघाला पुढच्या रांगेत आणले, अजमलने ती जागा टिकवली आणि शेवटच्या फेरीत राजेश रमेश अमेरिकन धावपटूच्या मागावर राहिला. अमेरिका २ मिनिटे ५८.४७, भारत २ मिनिटे ५९.०५. दोन्ही गटांच्या वेळा धरल्या तर ब्रिटन आणि जमैका मागे राहिले. आशियाई विक्रम पुन्हा भारताकडे आला आणि या शर्यतीत भारतीय पुरुष पहिल्यांदाच जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेले.

दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत तेच चौघे उतरले आणि २ मिनिटे ५९.९२ सेकंदांत पाचवे आले. अमेरिकेने २ मिनिटे ५७.३१ सेकंदांत सुवर्ण घेतले, फ्रान्स दुसरे आणि ब्रिटन तिसरे. आदल्या दिवशीची वेळ पुन्हा निघाली असती तर चौथा क्रमांक मिळाला असता, कारण जमैकाला २ मिनिटे ५९.३४ लागले होते. पदक त्याहीपुढे होते. ब्रिटनची कांस्यपदकाची वेळ २ मिनिटे ५८.७१. पण मला यात कौतुक वाटते ते दुसऱ्या दिवशीचे. सलग दोन दिवस तीन मिनिटांच्या आत येणे म्हणजे पहिला दिवस अपघात नव्हता. मोठ्या देशांना प्राथमिक फेरीत राखीव धावपटू उतरवून आपले मुख्य लोक अंतिम फेरीसाठी ताजे ठेवता येतात. अमेरिकेने तेच केले. भारताकडे चौघांखेरीज त्या तोडीचे कोणी नव्हते, म्हणून दमलेल्या पायांवरच अंतिम फेरी धावावी लागली. पाचव्या आणि पहिल्या क्रमांकातले अंतर मला इथे दिसते.

ती रात्र इतिहासात लक्षात राहिली ती नीरज चोप्राच्या ८८.१७ मीटरच्या भालाफेकीसाठी. जागतिक स्पर्धेतले भारताचे अ‍ॅथलेटिक्समधले ते पहिले सुवर्ण होते आणि दुसऱ्या दिवशीची सगळी पाने त्याची होती, हे योग्यच झाले. त्याच रात्री चार माणसे जगात पाचवी आली होती, हे मात्र आतल्या पानावर गेले. ४ ऑक्टोबरला हांगझोऊत असेच झाले. आशियाई स्पर्धेच्या त्या संध्याकाळी बीड जिल्ह्याच्या अविनाश साबळेने ५००० मीटरमध्ये रौप्य जिंकले, मुंबईची ऐश्वर्या मिश्रा महिलांच्या रिलेत रौप्यपदक मिळवणाऱ्या संघात होती, नीरजने पुन्हा सुवर्ण जिंकले, आणि अनस, अमोज, अजमल आणि राजेश यांनी ३ मिनिटे १.५८ सेकंदांत कतारला मागे टाकून १९६२ नंतरचे पहिले सुवर्ण आणले. महाराष्ट्रात त्या रात्री साबळेचे नाव गाजले. ते साहजिक होते. पण त्याच संध्याकाळचा तो चौघांचा निकाल साठ वर्षांच्या खंडानंतर आला होता, हे मराठी वाचकांपर्यंत पुरते पोहोचले नाही.

आता या गोष्टीचा उतारही सांगायला हवा, नाहीतर प्रस्तावना गौरवगीत होईल. २०२४ च्या मे महिन्यात बहामाच्या नॅसाउमध्ये झालेल्या जागतिक रिले स्पर्धेत पहिल्याच दिवशी राजेश रमेशला दुसऱ्या टप्प्यावर पेटके आले आणि त्याला शर्यत सोडावी लागली. दुसऱ्या दिवशी आरोकिया राजीव संघात आला, संघ ३ मिनिटे ३.२३ सेकंदांत अमेरिकेमागे दुसरा आला आणि पॅरिस ऑलिंपिकचे तिकीट मिळाले. एका माणसाच्या जागी दुसरा उभा राहू शकला म्हणून हे घडले. पण पॅरिसला प्राथमिक फेरीत ३ मिनिटे ०.५८ सेकंद लागले आणि भारत अंतिम फेरीबाहेर राहिला. त्याच ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत जपानने २ मिनिटे ५८.३३ सेकंदांत सहावा क्रमांक घेतला आणि बुडापेस्टचा आशियाई विक्रम वर्षभरात गेला. तिथे अमेरिकेने २ मिनिटे ५४.४३ मध्ये सुवर्ण जिंकले आणि बोत्सवाना केवळ दहा शतांश सेकंदांनी मागे होते. अंतिम फेरीतल्या अव्वल देशांचा वेग इतका वाढला आहे, की २ मिनिटे ५९ ही वेळ आता अभिमानाने सांगता येईल, पण तिच्यावर विसंबता येणार नाही. बोत्सवानाने २०२५ मध्ये टोकियोला पावसात जागतिक विजेतेपदही घेतले. जेमतेम वीस-पंचवीस लाख लोकसंख्येचा तो देश, आणि त्याच्याकडे ४०० मीटर धावणाऱ्यांची रांग आहे. लोकसंख्येचे कारण सांगून या शर्यतीत कोणालाही सुटका नाही.

भारताच्या बाबतीत मला आशेचे कारण दिसते ते कुठल्याही विक्रमात नाही. २०२५ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियातल्या गुमी इथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय पुरुष संघ कतारमागे दुसरा आला. त्या संघात जय कुमार, धर्मवीर चौधरी, मनू टी. एस. आणि विशाल टी. के. होते. बुडापेस्टच्या चौघांपैकी एकही नाही. तीन महिन्यांनी विशालने चेन्नईत ४०० मीटर ४५.१२ सेकंदांत पूर्ण केले आणि अनसचा ४५.२१ चा विक्रम मागे टाकला. वेळेच्या दृष्टीने गुमीचा संघ बुडापेस्टच्या जवळपासही नव्हता, हे मान्य. तरीही पूर्ण नवे चौघे आशियात दुसरे येतात, त्यांच्यातला एक राष्ट्रीय विक्रम मोडतो आणि जुने चौघे अजून स्पर्धेत असतात, हे चित्र भारतीय अ‍ॅथलेटिक्समध्ये नवीन आहे. आठ माणसांमधून चौघे निवडायचे आहेत, अशी वेळ प्रशिक्षकावर आली की रिले खऱ्या अर्थाने सुरू होते.

पुढची पाने वाचताना वाचकाने एवढे करावे. आकडे आले की चौघांच्या बेरजेत सर्वांत कमी वेगवान कोण होता, हे शोधावे, कारण संघाची उंची बहुधा तोच ठरवतो. विजेत्या संघांच्या फोटोत नसलेल्यांची, म्हणजे प्राथमिक फेरीत धावून बाजूला झालेल्या पाचव्या-सहाव्याची नावे वाचावीत, कारण अनेक सुवर्णपदके त्यांच्या पायांवर उभी आहेत. आणि पुढच्या वेळी टीव्हीवर ही शर्यत लागली, की शेवटच्या वळणावर आवाज वाढवण्याआधी दुसऱ्या धावपटूच्या पहिल्या वळणाकडे लक्ष द्यावे. जिंकणारा संघ बहुतेक वेळा तिथेच कळतो.